पालिकेच्या चौकशी अधिकाऱ्यांना पोलिसी अधिकार द्यावेत का? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महानगरपालिका, जिल्हा परिषद, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती यांच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या माणसांच्या हाती झडती, जप्ती आणि अटक हे अधिकार असावेत का, हा विषय सोलापुरात प्रभागातल्या बैठकीपासून वकिलांच्या चेंबरपर्यंत अधूनमधून निघतो आणि बहुतेक वेळा ‘दोन-चार जणांना आत टाकल्याशिवाय सुधारणा नाही’ या वाक्यावर संपतो. वाक्याच्या पुढे काय, याची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे लिहिणाऱ्याची नोकरीची बरीच वर्षे स्थानिक निधी लेखापरीक्षणात गेली. त्यामुळे त्याचा ओढा हातकडीपेक्षा कागदाकडे अधिक आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

देखरेख यंत्रणा म्हणजे नेमके कोण?

महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक असतो. त्याच्या बाहेरून राज्य शासनाचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग येतो आणि त्याचा मूळ कायदा 1930 सालचा आहे. जिल्हा परिषदेच्या कारभाराची तपासणी विधिमंडळाची पंचायत राज समिती करते. सार्वजनिक सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी लोकायुक्त व उपलोकायुक्त आहेत. त्यांचा कायदा महाराष्ट्राने 1971 मध्ये केला आणि लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारे हे देशातले पहिले राज्य ठरले. या सर्वांपेक्षा वेगळा आहे तो लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, कारण तो मुळात पोलीसच आहे. गुन्हा नोंदवणे, झडती घेणे, अटक करणे आणि दोषारोपपत्र दाखल करणे हे सगळे त्याच्या अखत्यारीत येते. बाकीच्यांच्या हाती लेखणी आहे. लोकायुक्तांना साक्षीदार बोलावणे, शपथेवर जबाब घेणे आणि दस्तऐवज मागवणे याबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण चौकशीच्या शेवटी त्यांच्याकडून निघते ती शिफारस.

लाचलुचपत विभाग असताना आणखी कोणाला अधिकार कशासाठी?

कारण त्या विभागाची खरी ताकद सापळ्यात आहे. कोणी तरी लाच मागतो, ज्याच्याकडे मागितली तो तक्रार देतो, पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, नोटांना अँथ्रासीन पावडर लावली जाते, आणि पैसे स्वीकारणाऱ्याची बोटे अतिनील प्रकाशाखाली चमकतात. ही पद्धत मुरलेली आहे, आणि दाखला, नळजोडणी, बांधकाम परवाना अशा कामात अडवणूक झालेल्या माणसाला तिचा मोठा आधार आहे.

परंतु या पद्धतीला तक्रारदार लागतो. रस्त्याच्या कामात 15 सेंटीमीटरचा थर दाखवून प्रत्यक्षात 10 सेंटीमीटरचाच टाकला, तर देयक काढणारा खूश, घेणारा खूश, आणि ज्याचे नुकसान झाले तो करदाता त्या खोलीत नसतोच. असे प्रकरण कळते ते लेखापरीक्षकाला, तेही वर्षा-दोन वर्षांनी. म्हणजे ज्याला पाणी कुठे मुरते हे दिसते त्याच्याकडे खणण्याचा अधिकार नाही, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्यापर्यंत गोष्ट पोचेपर्यंत रस्त्यावर नवा थर पडलेला असतो.

अधिकार नसल्यामुळे प्रत्यक्षात अडते कुठे?

एक प्रसंग सांगतो. गाव आणि कार्यालय यांची नावे सांगण्याचे कारण नाही.

एका नगरपरिषदेच्या तपासणीत रस्त्याच्या खडीकरणाचे देयक समोर आले. देयकाला आधार असतो तो मोजमाप पुस्तिकेचा, जिला सगळे एम.बी. म्हणतात. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजून तीत लांबी, रुंदी, जाडी लिहितो, वरिष्ठ काही मापे पुन्हा तपासून सही करतो, आणि त्या सहीवर पैसे निघतात. पुस्तिकेची पाने छापील क्रमांकाची असतात, ती याचसाठी. माझ्यासमोरच्या पुस्तिकेत दोन महिन्यांच्या अंतराने घेतलेली म्हणून दाखवलेली मापे एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी, एकही खाडाखोड नसलेली होती. उन्हात, धुळीत, मजुरांच्या गलक्यात लिहिलेले पान इतके स्वच्छ नसते. शिवाय मधल्या पाच-सहा पानांचा दोरा बाकीच्या दोऱ्याहून पांढरा होता.

मी नियमाप्रमाणे अर्धसमास दिला. अर्धसमास म्हणजे कागदाच्या एका बाजूला आक्षेप आणि दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी. सायंकाळी पुस्तिका परत द्यावी लागली, कारण ती ठेवून घेण्याचा मला अधिकार नव्हता. दुसऱ्या दिवशी मागितली, तर ‘वरिष्ठ कार्यालयास सादर’ असे उत्तर आले. अकरा दिवसांनी पुस्तिका आली, तेव्हा दोरा सगळीकडे सारखाच होता. ती तीच वही होती की दुसरी, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. अहवालात एक परिच्छेद लिहिला, त्याचे अनुपालन, म्हणजे कार्यालयाचे उत्तर, आले, ते अमान्य केले, आणि तो परिच्छेद माझ्या बदलीनंतरही प्रलंबितच राहिला.

त्या सायंकाळी मला कोणाला अटक करायची नव्हती. दोन पंच बोलावून, पंचनामा करून, ती पुस्तिका लाखेच्या मोहरेखाली ताब्यात घेता आली असती तर पुरे होते.

अभिलेख दिलाच नाही, तर आज कोणता उपाय आहे?

कागदावर उपाय आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे अभिलेख बेकायदेशीरपणे नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तथापि गहाळ नस्तीबाबत, म्हणजे फायलीबाबत, फिर्याद द्यायची कोणी, तर ज्या कार्यालयातून ती गहाळ झाली त्यानेच, अशी एकूण वहिवाट आहे. माहितीच्या अधिकारात ‘सदर नस्ती आढळून येत नाही’ हे उत्तर ज्यांनी वाचले आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम 94 नुसार दस्तऐवज हजर करण्याचा लेखी आदेश न्यायालय आणि पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतात. लेखापरीक्षक या दोन्हींत मोडत नाही.

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने ठराव करून आपल्या दक्षता पथकाला असे अधिकार दिले तर?

चालणार नाही. पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी बारावी अनुसूची आली, तिच्यात 18 विषय आहेत आणि त्यांत पोलीस नाही. ठराव एकमताने झाला, टाळ्यांच्या गजरात झाला, तरी त्याच्या आधारे घेतलेली झडती ही कायद्याच्या दृष्टीने घुसखोरीच ठरेल.

राज्याच्या विधिमंडळाला मात्र कायदा करता येतो, पण तेथेही एक अडचण आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 हा केंद्राचा कायदा असून त्याचे कलम 17 तपास कोणी करावा हे ठरवते. महानगर क्षेत्रांबाहेर साधारणपणे पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी तपास करू शकत नाही, आणि राज्य शासनाने प्राधिकृत केले असेल तरच निरीक्षकाला तो करता येतो. येथे दर्जा पोलिसांतला अपेक्षित आहे. लेखापरीक्षकाला या कलमात बसवायचे तर केंद्रीय कायद्याला छेद देणारी राज्य दुरुस्ती करावी लागेल आणि तिला राष्ट्रपतींची संमती लागेल. त्यापेक्षा सोपा मार्ग पोलीस अधिकारीच देखरेख यंत्रणेत आणून बसवण्याचा आहे, आणि तो आपल्या शेजारी वापरात आहे.

तो शेजार म्हणजे कर्नाटक का?

होय. अक्कलकोटच्या पुढे हद्द ओलांडली की लोकायुक्त या शब्दाचा अर्थच बदलतो. कर्नाटक लोकायुक्त कायदा 1984 चा आहे आणि तेथील लोकायुक्तांकडे स्वतःची पोलीस शाखा आहे. ती छापे घालते, सापळे लावते आणि गुन्हेही नोंदवते. 2016 मध्ये तेथील सरकारने स्वतंत्र लाचलुचपत प्रतिबंधक विभाग स्थापन केला आणि भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांचा तपास लोकायुक्तांच्या पोलिसांकडून काढून त्याच्याकडे दिला. ऑगस्ट 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो विभाग स्थापन करण्याचा आदेश रद्द केला आणि तपासाचे अधिकार पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडे आले.

या घडामोडीतून माझ्या लेखी दोन गोष्टी निघतात. तेथे लेखापरीक्षकाला पोलीस केलेले नाही, तर पोलिसाला लोकायुक्तांच्या देखरेखीखाली आणले आहे. आणि जो अधिकार सरकारच्या साध्या आदेशाने काढून घेता येतो तो परत मिळवायला सहा वर्षे आणि उच्च न्यायालय लागते, म्हणून असा अधिकार मूळ कायद्यातच लिहिलेला असावा. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत घेणारे नवे लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये मंजूर केले. त्यावेळच्या चर्चेचा सगळा रोख मंत्रालयावर होता, नगरपरिषदेच्या मोजमाप पुस्तिकेकडे फार थोड्यांचे लक्ष होते.

पोलीस नसलेल्या अधिकाऱ्यांना असे अधिकार देण्याची प्रथा आपल्याकडे आहे का?

आहे, आणि जुनी आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात फिरणारा वनरक्षक भारतीय वन अधिनियम, 1927 खाली विशिष्ट गुन्ह्यांत संशयिताला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. हातभट्टीवर छापा घालणारा राज्य उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक रसायन जप्त करतो आणि आरोपीला ताब्यात घेतो. माळरानावरच्या सशासाठी जो अधिकार आपण सहज देतो तो करदात्याच्या पैशासाठी देताना इतका विचार का, असे कोणी विचारले तर प्रश्न गैर नाही. उत्तर इतकेच, की तेथे गुन्ह्याचा मुद्देमाल डोळ्यांना दिसतो. मेलेला ससा आणि उकळते रसायन यांचा अर्थ लावावा लागत नाही. जादा दराने मंजूर झालेली निविदा भ्रष्टाचार आहे, अडाणीपणा आहे की खरोखरच साहित्य महागले होते, हे ठरवायला महिने लागतात.

परदेशात काय चालते?

न्यूयॉर्क शहराचा तपास विभाग 1873 पासून आहे. शहराची तिजोरी धुऊन नेणाऱ्या ट्वीड टोळीच्या प्रकरणानंतर तो उभा राहिला. अमेरिकेच्या केंद्रीय खात्यांतील महानिरीक्षकांच्या कार्यालयांचा कायदा 1978 चा असला तरी शस्त्र बाळगणे, अटक करणे आणि वॉरंट बजावणे हे अधिकार कायद्याने मिळाले ते 2002 मध्ये, तेही त्या देशाच्या महान्यायवाद्याने घालून दिलेल्या नियमांखाली. हाँगकाँगच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाला 1974 मध्ये स्थापनेपासूनच अटकेचा अधिकार आहे. उलट ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचा आयोग जाहीर सुनावणी घेऊन मोठमोठ्यांना घाम फोडतो, पण खटला मात्र दुसऱ्या यंत्रणेला चालवावा लागतो. म्हणजे अटकेच्या अधिकारावाचून वचक बसत नाही, असे काही नाही.

अधिकार दिले की चौकशीत घेतलेल्या जबाबांचे काय होईल?

हा प्रश्न कमी विचारला जातो आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. आज विभागीय चौकशीत किंवा लेखापरीक्षणात कर्मचारी जे लिहून देतो ते बहुधा त्याच्या विरुद्ध वापरता येते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब मात्र पुराव्यात येत नाही. पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये होती, आता ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरवले, की अमली पदार्थविषयक कायद्याखाली पोलिसासारखे तपासाचे अधिकार मिळालेले इतर खात्यांचे अधिकारीही या नियमापुरते पोलीसच समजायचे, आणि त्यांच्यासमोरची कबुली ग्राह्य धरता येणार नाही.

आता हे आपल्या विषयाला लावून पाहा. लेखापरीक्षकाला पूर्ण पोलिसी अधिकार दिल्याच्या दिवसापासून त्याच्यासमोर बसलेला रोखपाल हा केवळ माहिती देणारा सहकारी राहत नाही. तो संभाव्य आरोपी होतो, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ न देण्याचा घटनेच्या अनुच्छेद 20(3) मधला हक्क त्याच्या मदतीला येतो. तो गप्प बसेल किंवा वकील घेऊन येईल, आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. आज चहा पिता पिता ‘साहेब, ते बिल आधीच पास करायला सांगितलं होतं’ असे जे सहज कळते ते कळणे बंद होईल. लेखापरीक्षणाची निम्मी माहिती अशीच मिळते, हे या खात्यातला कोणीही सांगेल.

म्हणून हिशेब तपासणारा आणि गुन्ह्याचा तपास करणारा ही दोन माणसे वेगळी असावीत, असे माझे मत आहे. पहिल्याने संशय येताच थांबावे आणि कागद सुरक्षित करावेत, तेथून पुढे दुसऱ्याने चालवावे.

मग नेमके कोणते अधिकार द्यावेत?

देखरेख करणाऱ्या पथकाला झडती आणि जप्तीचे, तेही दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवर. वॉरंट मिळेपर्यंत नस्ती, संगणक आणि मोजमाप पुस्तिका जागेवरच मोहरबंद करून ठेवण्याचा तात्पुरता अधिकार, फार तर 48 तासांचा, त्यासोबत असावा. झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नेच बंधनकारक केले आहे, तेव्हा ‘कागद त्यांनीच आणून ठेवला’ या नेहमीच्या बचावालाही उत्तर मिळते. संगणकातील नोंदींची प्रत घेताना हॅश मूल्य, म्हणजे मजकुरात थोडाही बदल झाला तरी बदलणारा संगणकीय ठसा, नोंदवून ठेवावे, नाही तर न्यायालयात त्या प्रतीला किंमत उरत नाही.

बँकेकडून थेट उतारे आणि ठेकेदाराकडून खरेदीच्या पावत्या मागवण्याचा अधिकारही हवा. डांबर किती टनांचे आले, हे महापालिकेच्या कागदावरून कळत नाही, ते पुरवठादाराच्या चलनावरून कळते.

अटकेचा अधिकार देऊ नये. अटक झाल्यावर 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे घटनेनेच बंधनकारक आहे, नातेवाइकांना कळवणे, वैद्यकीय तपासणी करणे हे सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणातील 1996 च्या निकालापासून ठरलेले आहे, आणि ते सगळे नीट पार पाडायला कोठडी, मनुष्यबळ आणि सराव लागतो. चार माणसांच्या पथकाकडे यातले काहीच नसते. अटक लागलीच, तर लाचलुचपत विभागाने करावी.

अधिकारांचा गैरवापर होणार नाही कशावरून?

होईल, असे धरूनच रचना करावी. ज्याच्या खिशात मोहर आहे तो ठेकेदाराच्या कार्यालयात जाऊन ‘बघा, काय ते ठरवा’ म्हणू शकतो, आणि निवडणुकीच्या तोंडावर एका गटाच्या वॉर्डातल्याच नस्त्या उघडल्या जाऊ शकतात. कुंपणाने शेत खाण्याची उदाहरणे आपल्याला बाहेरून आणावी लागत नाहीत.

त्यामुळे सर्वांत मोठी अट ही, की तपास अधिकाऱ्याची नेमणूक, बदली आणि गोपनीय अहवाल महापालिका आयुक्त, महापौर किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या हाती नसावा. ज्याचा कारभार तपासायचा त्याच्याकडेच रजेचा अर्ज द्यायचा असेल, तर महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीत कितीही दक्षता कक्ष उघडले तरी ते पाटीपुरतेच राहतील. 2022 मध्ये मुदत संपल्यावर महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा धोरण ठरवणारा, मंजुरी देणारा आणि अंमल करणारा एकच होता. त्या काळात दक्षता पथक आयुक्तांच्या हाताखाली असून काय उपयोग, हे वेगळे सांगायला नको. पथक लोकायुक्तांना जोडलेले असावे आणि प्रत्येक झडतीचा अहवाल ठरावीक मुदतीत त्यांच्यापुढे जावा.

अधिकार मिळाले म्हणजे खटले उभे राहतील का?

लगेच नाही, कारण मंजुरीचे दोन दरवाजे मध्ये आहेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात 2018 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 17अ प्रमाणे, लोकसेवकाने कर्तव्य बजावताना घेतलेल्या निर्णयाशी किंवा केलेल्या शिफारशीशी संबंधित आरोप असेल, तर चौकशी सुरू करण्यापूर्वीच परवानगी लागते. तीन महिन्यांत आणि कारण नोंदवून आणखी एका महिन्यात ती देणे किंवा नाकारणे अपेक्षित आहे. लाच घेताना रंगेहाथ पकडले तर ही अट नाही. तपास पूर्ण झाल्यावर कलम 19 खालची अभियोजन मंजुरी, म्हणजे खटला चालवण्याची मंजुरी, पुन्हा वेगळी. ही मंजुरी देणारा म्हणजे त्या सेवकाला पदावरून दूर करण्यास सक्षम असलेला प्राधिकारी, आणि महापालिकेच्या नोकरांबाबत तो पुष्कळदा त्याच इमारतीत बसलेला असतो. पथकाला जप्तीचा अधिकार दिला आणि हे दरवाजे तसेच ठेवले, तर कागद सुरक्षित राहतील आणि खटला मात्र टपालात राहील. पण सुरक्षित कागद चार वर्षांनीही बोलतो, हरवलेला बोलत नाही.

नगरसेवकांनाही हे लागू होईल का?

होय. नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाखाली लोकसेवक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

ग्रामपंचायतींसाठी वेगळे पथक लागेल का?

प्रत्येक तालुक्याला पथक परवडणार नाही, आणि अकरा तालुक्यांसाठी जिल्ह्याचे एकच पुरेसे आहे. सरपंचाच्या गैरवर्तनाबाबत ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 39 आहे. त्याखाली मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यामार्फत चौकशी होते आणि पद जाऊ शकते. त्याने पैसे परत येत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

कायदा बदलेपर्यंत सोलापूरच्या नागरिकाने काय करावे?

लाचेची मागणी झाली असेल तर पैसे देण्यापूर्वी 1064 या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाशी संपर्क साधावा. जबरदस्तीने लाच द्यावी लागलीच, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायदा गुन्हेगार मानत नाही. गैरकारभाराची तक्रार लोकायुक्तांकडे प्रतिज्ञापत्रासह करता येते. पोलिसांनी दखल घेतली नाही, तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडलेला असल्याने मुंबईची वारी टळते.

तक्रारीत विशेषणे कमी आणि क्रमांक अधिक असावेत, म्हणजे कामाचे नाव, प्रभाग, कार्यादेशाचा दिनांक आणि निविदेची रक्कम. रस्त्याच्या कामाबद्दल तक्रार असेल तर काम चालू असतानाच, वरचा थर पडण्यापूर्वी, कडेला मोजपट्टी उभी धरून छायाचित्र घ्यावे. त्यात पट्टीवरचा आकडा आणि मागच्या दुकानाची पाटी दोन्ही दिसली पाहिजेत, कारण पुढे वाद होतो तो जाडीइतकाच जागेवरही होतो. छायाचित्राची मूळ प्रत फोनमधून पुसू नये, आणि अर्ज देताना आवक विभागाचा शिक्का व क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.